सोलापूर जिल्ह्यात स्वतःच्या जमिनीवर झाडे लावणाऱ्यांसाठी अर्थसाहाय्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यंत कमी आहे आणि पावसाची खात्रीही नाही. तरीही बांधावर, पडीक मुरमाड तुकड्यावर किंवा सलग क्षेत्रात झाडे लावू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्याकडून अनुदान, कर्ज, परवानग्या आणि कागदपत्रे यांबाबत जे प्रश्न सातत्याने येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. शासन निर्णय वेळोवेळी बदलत असल्याने, अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे निकष संबंधित कार्यालयातून तपासून घ्यावेत.

शेतात दाट झाडे वाढवली, तर पुढे वनखाते ती जमीन ताब्यात घेईल का?

ही भीती निराधार आहे, परंतु तिला इतिहास आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी जी जमीन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे खाजगी वन होती, ती राज्य शासनाकडे निहित झाली. पुढे कलम २२-अ अन्वये काही मूळ मालकांना १२ हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत मिळण्याची तरतूद झाली. या कायद्याची झळ प्रामुख्याने कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्याला बसली, आणि तेथील खटल्यांच्या बातम्यांमुळे आपल्याकडेही गैरसमज पसरला. आज आपण ज्वारीच्या किंवा पडीक जमिनीत स्वतःच्या खर्चाने अथवा शासकीय अनुदानाने झाडे लावली, म्हणून ती जमीन या कायद्याखाली शासनाची होत नाही. मात्र आपल्या सातबाऱ्यावर ‘वन’ किंवा ‘खाजगी वन’ असा शेरा पूर्वीपासून असेल, तर लागवडीचा विचार बाजूला ठेवून आधी तहसील कार्यालयातून त्या फेरफाराची नक्कल काढावी. अशा जमिनीवर कोणतीही योजना पुढे सरकत नाही.

सर्वसाधारण शेतकऱ्याला कोणत्या मार्गांनी मदत मिळू शकते?

ढोबळमानाने मार्ग चार आहेत. रोजगार हमीतून होणारी वैयक्तिक वृक्ष व फळझाड लागवड हा पहिला, कृषी विभागाची फळबाग लागवड योजना हा दुसरा, बांबूसाठीचे स्वतंत्र साहाय्य हा तिसरा आणि केंद्राचा कृषी वनीकरण घटक हा चौथा. ठिबक सिंचन व शेततळ्याचे अनुदान स्वतंत्र असले, तरी सोलापुरात ते या चारही मार्गांइतकेच महत्त्वाचे आहे. त्याचे कारण पाण्याच्या प्रश्नाखाली दिले आहे.

रोजगार हमीतून लागवडीसाठी पात्र कोण?

महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ च्या पहिल्या अनुसूचीत वैयक्तिक लाभासाठी पात्र कुटुंबे ठरवून दिली होती. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या व विमुक्त जमाती, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, स्त्री कुटुंबप्रमुख असलेली कुटुंबे, दिव्यांग कुटुंबप्रमुख असलेली कुटुंबे, जमीन सुधारणांचे लाभार्थी, घरकुल योजनेचे लाभार्थी आणि वनहक्क कायद्याखालील लाभार्थी यांचा समावेश होता, आणि त्यांच्यानंतर २००८ च्या कृषी कर्जमाफी योजनेतील व्याख्येप्रमाणे अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांचा क्रम येत असे. अत्यल्पभूधारक म्हणजे १ हेक्टरपर्यंत आणि अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी, असे साधारणपणे धरले जाते. कुटुंबातील किमान एका व्यक्तीच्या नावे जॉबकार्ड असणे आणि त्या व्यक्तीने कामावर स्वतः मजुरी करणे आवश्यक होते. ‘माझ्या शेतात दुसऱ्यांनी राबावे आणि मी फक्त देखरेख करावी’ अशी ही योजना नव्हती.

संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाच्या जागी वर्षाला १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा नवा कायदा संमत केला आहे. त्यामुळे जुन्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता, आपल्या गावाच्या आराखड्यात वैयक्तिक वृक्षलागवडीची कामे कोणत्या निकषांवर घेतली जात आहेत, हे ग्रामरोजगार सेवकाकडून लेखी किंवा किमान परिपत्रक पाहून समजून घ्यावे. पुढील उत्तरांत रोजगार हमीबाबत दिलेली माहिती जुन्या व्यवस्थेत रूढ झालेल्या पद्धतीवर आधारित आहे. लागवड, संगोपन आणि जिवंत झाडांचे प्रमाण यांचा मूळ विचार मात्र राज्यात फार जुना आहे. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली राज्याची रोजगार हमी १९९० पासून फळबाग लागवडीशी जोडली गेली, आणि सांगोला परिसरातील डाळिंब व बोरीच्या बागांच्या विस्तारात त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

त्या योजनेत पैसे हातात कसे येतात?

येथे सर्वाधिक निराशा होते. जाहिरातीत किंवा सभेत सांगितला जाणारा हेक्टरी आकडा हा संपूर्ण अंदाजपत्रकाचा असतो. त्यात खड्डे खोदणे, लागवड, पाणी देणे, खुरपणी, आळे करणे आणि नांग्या भरणे (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे) यांची मजुरी असते, तसेच रोपे, खते व औषधांचे साहित्यही असते, आणि हा सर्व खर्च तीन वर्षांत विभागलेला असतो. मजुरी हजेरीपटावरील नोंदीप्रमाणे मजुराच्या आधार-संलग्न खात्यात जाते. साहित्याची रक्कम मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि देयके तपासल्यानंतर मिळते, आणि तिला अनेकदा विलंब होतो. म्हणजेच ‘हेक्टरी अमुक लाख’ ही रक्कम एकरकमी शेतकऱ्याच्या खात्यावर पडत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा हप्ता जिवंत झाडांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. रूढ निकष असा की बागायत क्षेत्रात ९० टक्के आणि कोरडवाहू क्षेत्रात ७५ टक्के झाडे जिवंत असावीत. सोलापूरच्या दृष्टीने हा आकडा कागदावर वाटतो तितका सोपा नाही. जून-जुलैमध्ये लावलेले रोप ऑगस्टच्या उघडिपीत सुकते, सप्टेंबरच्या पावसाने जे वाचते ते मार्च ते मे या काळात पाण्याअभावी जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात तपासणी होते तेव्हा निम्मे खड्डे रिकामे दिसतात. त्यामुळे सलग क्षेत्रासाठी अर्ज करताना, टँकरने किंवा विहिरीच्या पाण्याने पहिले दोन उन्हाळे आपण किती रोपे जगवू शकतो, एवढीच संख्या मागावी. कमी क्षेत्र घेऊन तिन्ही हप्ते मिळवणारा शेतकरी, मोठे क्षेत्र घेऊन पहिल्याच हप्त्यावर थांबणाऱ्यापेक्षा नेहमीच फायद्यात राहिला आहे.

जॉबकार्ड नसेल किंवा जमीन दोन हेक्टरांपेक्षा जास्त असेल, तर काय करावे?

अशा शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाने २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू केली. कोकण वगळता उर्वरित महाराष्ट्रात किमान ०.२० हेक्टर व कमाल ६ हेक्टर क्षेत्रावर लाभ घेता येतो. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा प्रमाणात दिले जाते आणि येथेही पुढील हप्ते झाडे जगण्याशी बांधलेले आहेत. जमीन तयार करणे आणि कुंपण यांसारखी कामे शेतकऱ्याने स्वखर्चाने करावयाची असतात. शेळ्या-मेंढ्यांची वर्दळ असलेल्या गावात कुंपणाचा खर्च रोपांच्या किमतीपेक्षा जास्त होतो, हे अर्ज करतानाच हिशेबात धरावे.

ही योजना फळझाडांसाठी आहे, इमारती लाकडासाठी नाही. तरीही वृक्षलागवडीचा विचार करणाऱ्याने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. तिच्या यादीतील चिंच, जांभूळ, आवळा आणि सीताफळ ही झाडे कोरडवाहू पट्ट्यात चांगली टिकतात, आणि चिंच व जांभूळ पुढील पिढीपर्यंत उभे राहणारे मोठे वृक्ष आहेत. बार्शी आणि करमाळा तालुक्यांतील हलक्या जमिनीसाठी सलग सागापेक्षा चिंच-सीताफळाची मिश्र लागवड अधिक शहाणपणाची ठरेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बांबूसाठी काय साहाय्य आहे? सोलापुरात बांबू येतो का?

२०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनेतर क्षेत्रात वाढवलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेतातील बांबूच्या तोडीचा आणि वाहतुकीचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर राष्ट्रीय बांबू अभियान नव्या स्वरूपात आले आणि राज्यात महाराष्ट्र बांबू विकास मंडळामार्फत अटल बांबू समृद्धी योजना सुरू झाली. आरंभी या योजनेत ४ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना ऊती संवर्धित रोपे ८० टक्के सवलतीने आणि त्यापेक्षा जास्त जमीन असलेल्यांना ५० टक्के सवलतीने देण्याची तरतूद होती. नंतर निकषांत बदल होत गेले, म्हणून रोपांची मागणी नोंदवण्यापूर्वी त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे. रोजगार हमीतूनही बांबू लागवड घेतली गेली आहे.

बांबू येतो का, याचे उत्तर जमिनीपेक्षा पाण्यावर अवलंबून आहे. उजनीच्या लाभक्षेत्रात, म्हणजे माढा, पंढरपूर आणि मोहोळच्या कालव्याकाठच्या भागात, निचरा चांगला असल्यास बांबू समाधानकारक वाढतो. सांगोला व मंगळवेढ्याच्या कोरडवाहू भागात पहिली दोन-तीन वर्षे ठिबकाशिवाय त्याची बेटे धरत नाहीत. माणवेल ही कमी पावसात तग धरणारी जात आहे, परंतु कमी पाण्यात जगणे आणि कमी पाण्यात उत्पन्न देणे यांत फरक आहे. व्यापारी तोड साधारणपणे चौथ्या-पाचव्या वर्षापासून सुरू होते आणि तोवर उत्पन्न नाही. ऊस काढून बांबू लावणाऱ्याने या मधल्या वर्षांचा घरखर्च कोठून भागवायचा, हे आधी ठरवावे. तसेच खरेदीदार किती अंतरावर आहे आणि वाहतुकीचा खर्च कोण सोसणार, हे लागवडीपूर्वी विचारावे. याबाबत ‘पुढे बघू’ असे म्हणणारा पुरवठादार असेल, तर त्याच्याकडून रोपे घेऊ नयेत.

केंद्राच्या कृषी वनीकरण योजनेचे काय झाले?

भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषी वनीकरण धोरण जाहीर केले आणि २०१६-१७ मध्ये ‘हर मेढ पर पेड’ या घोषवाक्याने कृषी वनीकरण उपअभियान सुरू झाले. त्यात लागवडीच्या निम्म्या खर्चाइतके साहाय्य चार वर्षांत ४०, २०, २० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी देण्याची पद्धत होती. पुढे हा घटक राष्ट्रीय कृषी विकास योजनेत समाविष्ट झाला आणि भर दर्जेदार रोपांच्या निर्मितीकडे वळला. त्यामुळे थेट लागवडीसाठी निधी दर वर्षी आणि प्रत्येक जिल्ह्यात मिळेलच असे नाही. बांधावरील झाडांसाठी वेगळा अर्ज करण्याऐवजी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात त्या वर्षीच्या कृती आराखड्यात हा घटक आहे का, एवढेच विचारावे. रोपवाटिका उभारू इच्छिणाऱ्या बचत गटांसाठी मात्र हा मार्ग तपासून पाहण्यासारखा आहे.

पाण्याच्या सोयीसाठी कोणती मदत मिळते?

प्रति थेंब अधिक पीक योजनेत ठिबक संचासाठी अल्प व अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य त्यात पूरक भर घालत असल्याने एकूण साहाय्य अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर मोजली जाते, दुकानदाराच्या बिलावर नाही. वैयक्तिक शेततळ्यासाठी आकारमानानुसार कमाल ७५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, परंतु तळ्यात अंथरायचा अस्तरीकरणाचा प्लास्टिक कागद हा वेगळा विषय आहे. मुरमाड जमिनीत अस्तराशिवाय पाणी टिकत नाही, हे सोलापूरच्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही.

या दोन्ही बाबींसाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. आता शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला असून, तो नसल्यास अर्ज पुढे जात नाही. लागवड पावसाळ्यात आणि ठिबकाची मंजुरी पुढच्या मार्चमध्ये, असा विस्कळीत क्रम अनेकांच्या वाट्याला येतो. शक्य असेल तेथे आधी पाणी, मग रोप, हा क्रम ठेवावा, मग त्यासाठी लागवड एक वर्ष पुढे गेली तरी हरकत नाही.

मंजुरीपूर्वी काम सुरू केले तर अनुदान मिळते का?

नाही. पूर्वसंमतीपत्र मिळण्यापूर्वी खरेदी केलेला संच, खोदलेले खड्डे किंवा आणलेली रोपे अनुदानास धरली जात नाहीत. रोजगार हमीच्या कामातही तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश हा क्रम पाळावा लागतो. पाऊस तोंडावर आला म्हणून ‘करून टाका, कागद नंतर बघू’ असा तोंडी सल्ला कोणी दिला, तर तो त्या व्यक्तीकडून लिहून मागावा.

रोपे कोठून घ्यावीत?

सामाजिक वनीकरण विभाग आणि वन विभागाच्या रोपवाटिकांतून रोपे मिळतात, आणि पावसाळ्यातील वनमहोत्सवाच्या काळात त्यांचे दर सवलतीचे असतात. मागणी एप्रिल-मेमध्येच नोंदवावी. जूनच्या शेवटी गेलेल्याला उरलेली लहान पिशवीतील रोपे मिळतात, आणि तीच सर्वाधिक मरतात. कमी पावसाच्या भागात दीड-दोन वर्षे वाढवलेले, मोठ्या पिशवीतील उंच रोप लावावे. फळझाडांची कलमे शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावीत, कारण त्याची पावती अनुदानाच्या कागदपत्रांत लागते. डाळिंबाबाबत केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला जवळच उपलब्ध आहे.

मुलीच्या जन्मानंतर शेतकरी कुटुंबाला १० रोपे मोफत देणारी कन्या वन समृद्धी योजना २०१८ पासून आहे. त्यात सागाची ५, आंब्याची २ आणि फणस, जांभूळ व चिंचेचे प्रत्येकी १ रोप दिले जाते. मदत लहान आहे, परंतु अर्ज सोपा आहे. फणस मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात परसातील सावलीत लावावा.

कोणती झाडे निवडावीत? पडीक माळावर काहीही लावले तरी चालेल का?

अनुदानाचा दर पाहून झाड निवडणे ही सर्वांत महागडी चूक आहे. कडुनिंब, बाभूळ, चिंच, करंज, हिवर, बोर आणि सीताफळ ही झाडे येथील उन्हाळा सोसून उभी आहेत. सागाला खोल आणि निचऱ्याची जमीन लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या चोपण-काळ्या रानात पाणी साचते आणि उत्तर सोलापूरच्या उथळ मुरमात मुळांना जागा मिळत नाही, त्यामुळे दोन्हीकडे साग वर्षानुवर्षे काठीएवढाच राहतो. बांधावर झाडे लावताना शेजाऱ्याच्या पिकावर पडणारी सावली आणि मुळांचा पसारा लक्षात घ्यावा. त्यावरून होणारी भांडणे तहसीलदारांपर्यंत जातात आणि त्यांचा खर्च कोणतीही योजना देत नाही.

माळरानाबाबत थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरवर घोषित झाले आणि २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत मर्यादित करण्यात आले. माळढोक, काळवीट, लांडगा आणि तणमोर यांना उघडे गवताळ रान लागते, दाट झाडी नव्हे. म्हणून जेथे चांगले गवत आहे अशा माळावर ग्लिरिसिडिया किंवा सुबाभळीच्या ओळी उभ्या करणे हे निसर्गाचेही नुकसान आहे आणि चाऱ्याचेही. अशा तुकड्यावर कुरण राखावे, बांधावर चार-दोन बाभळी व बोरी ठेवाव्यात आणि वृक्षलागवडीसाठी खराब झालेली, गवतही न धरणारी जमीन निवडावी. आपली जमीन अभयारण्याच्या किंवा त्याच्या संवेदनक्षेत्राच्या हद्दीत येत असल्यास, कोणत्याही मोठ्या कामापूर्वी वन्यजीव विभागाकडून खात्री करून घ्यावी.

चंदन, महोगनी, मिलिया डुबिया यांसाठी कंपन्या कर्ज व खरेदीची हमी देतात. विश्वास ठेवावा का?

करार वाचल्याशिवाय ठेवू नये. महोगनी आणि मिलियाच्या रोपविक्रीत मोठा नफा रोप विकतानाच मिळून जातो. बारा-पंधरा वर्षांनी खरेदी करण्याचे वचन देणारी संस्था तेव्हा अस्तित्वात असेल की नाही, याची हमी कोणीच देत नाही. करारात दर कसा ठरणार, माप कोण घेणार, तोड व वाहतूक कोणाच्या खर्चाने होणार आणि वचनभंग झाल्यास भरपाई किती, ही चार कलमे नसतील, तर तो करार नव्हे, पावती आहे.

चंदन हे परजीवी वृत्तीचे झाड आहे. त्याला जवळ यजमान झाड लागते, आणि गाभा तयार होण्यास बराच काळ जातो. शिवाय गाभा धरू लागताच चोरीची भीती सुरू होते, म्हणून राखणीचा आणि कुंपणाचा खर्च पहिल्या वर्षापासून नव्हे तरी आठव्या-दहाव्या वर्षापासून निश्चित धरावा. बँका अशा लागवडीस तारण म्हणून झाडे नव्हे, जमीन मागतात. उत्पन्नाच्या आशेवर घेतलेल्या कर्जाचे हप्ते मात्र उत्पन्नाची वाट पाहत नाहीत.

झाडांची नोंद सातबाऱ्यावर करणे आवश्यक आहे का?

होय, आणि ती लागवडीच्या वर्षीच करावी. ई-पीक पाहणी अॅपमध्ये फळबागांची आणि बांधावरच्या झाडांची नोंद करण्याची सोय आहे. नोंद नसल्यास अनुदानाच्या तपासणीत, भूसंपादनाच्या मोबदल्यात आणि पुढे तोडीच्या परवानगीत, अशा तिन्ही वेळी अडचण येते. सोलापूर परिसरात महामार्गांसाठी जमिनी गेल्या तेव्हा झाडांचा मोबदला कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, हे पाहिले की या नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

स्वतः लावलेले झाड तोडण्यासाठी परवानगी लागते का?

अनेक जातींसाठी लागते. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, फणस, अंजन आदी जाती आहेत. त्या स्वतःच्या शेतात असल्या तरी तोडीपूर्वी परवानगी घ्यावी लागते. लाकूड बाहेर नेण्यासाठी महाराष्ट्र वन नियम, २०१४ प्रमाणे वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो, तर निलगिरी व सुबाभूळ यांसारख्या काही जातींना त्यातून सूट आहे. सोलापूर महापालिकेच्या किंवा नगरपालिकांच्या हद्दीतील झाडांना १९७५ चा नागरी क्षेत्रासाठीचा वेगळा कायदा लागू होतो आणि तेथे अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे करावा लागतो. म्हणून झाड निवडतानाच, ते विकताना कोणाची सही लागेल, हे वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारून घ्यावे.

रानडुकरे, काळवीट, आग किंवा दुष्काळ यांमुळे नुकसान झाल्यास भरपाई मिळते का?

वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक व फळझाडांच्या नुकसानीसाठी वन विभागाकडून भरपाई मिळते. घटना घडल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि पंचनाम्यापर्यंत खुणा पुसू नयेत. डाळिंब, पेरू, लिंबू, सीताफळ यांसारख्या अधिसूचित फळपिकांना हवामानाधारित विमा आहे, परंतु तो ठरावीक बहार, महसूल मंडळ आणि झाडाच्या वयापुरता असतो. लाकडासाठी वाढवलेल्या झाडांना या योजनेत संरक्षण नाही. आगीपासून बचावासाठी फेब्रुवारीपूर्वी शेताभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवावा. यासाठी अनुदान नाही, पण खर्चही फारसा नाही.

झाडांच्या विक्रीवर आयकर लागतो का?

नांगरट, पेरणी वा लागवड, अशी जमिनीवरील मूलभूत कामे करून वाढवलेल्या झाडांचे उत्पन्न कृषी उत्पन्न ठरू शकते. आपोआप उगवलेल्या जंगलाच्या विक्रीचे उत्पन्न तसे ठरत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये राजा बिनॉय कुमार सहस रॉय प्रकरणात मांडले. म्हणून खड्डे, मजुरी, खत यांच्या पावत्या लागवडीपासूनच जपून ठेवाव्यात आणि मोठी विक्री करण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतात असे सांगितले जाते. ते खरे आहे का?

झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या मोजमापावर मिळणारी, विकता येणारी पत म्हणजे कार्बन क्रेडिट. त्यासाठी काही खाजगी प्रकल्प शेतकऱ्यांशी करार करतात. त्यातून मिळणारी रक्कम झाडांच्या मोजणीनंतर, अनेक वर्षांत आणि मध्यस्थांचा वाटा वजा होऊन येते. अशा करारात झाडे दीर्घकाळ न तोडण्याची अट असते, आणि वारसांवरही ती बंधनकारक राहू शकते. केंद्राच्या २०२३ च्या हरित पत (ग्रीन क्रेडिट) नियमांखालील वृक्षलागवडीची पद्धत निकृष्ट वनजमिनींसाठी आहे, त्यामुळे आपल्या शेतातील झाडांना त्यातून थेट लाभ अपेक्षू नये.

जमीन भावांच्या नावे सामायिक असेल तर?

सर्व सहखातेदारांचे संमतीपत्र लागते. जमीन कुळाच्या नावे असल्यास त्याचीही संमती लागते. पुणे-मुंबईला राहणाऱ्या भावाची सही जूनमध्ये मिळवण्याऐवजी दिवाळीला तो गावी येतो तेव्हाच घेऊन ठेवावी. इतर कागदांत सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, आवश्यक तेथे जातीचा दाखला आणि जॉबकार्ड यांचा समावेश होतो. एकाच गटातील एकाच क्षेत्रावर, त्याच बाबीसाठी दोन योजनांतून लाभ घेता येत नाही.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील नातेवाइकांना जास्त अनुदान मिळाले, मग आम्हाला का नाही?

ते अनुदान बहुधा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प या निवडक जिल्ह्यांपुरत्या वेगळ्या योजनेतील असते. तिच्या पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांत धाराशिव होता, सोलापूर नव्हता. बार्शीच्या सीमेवरील गावांत ही विसंगती विशेष जाणवते. दुष्काळाची तीव्रता पाहता सोलापूरच्या पूर्वेकडील तालुक्यांचा त्यात विचार व्हावयास हवा होता, असे म्हणणे रास्त आहे. परंतु अर्ज मात्र आपल्या जिल्ह्याला लागू असलेल्या योजनेतच करावा लागेल.

अर्ज अडला किंवा हप्ता थकला, तर दाद कोठे मागावी?

प्रथम ज्या टप्प्यावर अर्ज अडला आहे तो टप्पा लेखी विचारावा: प्रस्ताव ग्रामपंचायतीत आहे, पंचायत समितीत आहे, की मोजमाप पुस्तिकेत नोंदच झालेली नाही? पोच घेतलेला साधा अर्ज अनेकदा पुरेसा ठरतो. उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करावा. त्यावर ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. रोजगार हमीच्या कामांबाबत जिल्हास्तरावर तक्रार निवारणाची व्यवस्था आहे, आणि अन्य विभागांबाबत ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तक्रारीसोबत जिवंत झाडांची तारखेसह छायाचित्रे, गट क्रमांक आणि मिळालेल्या हप्त्यांची बँक नोंद जोडावी. दुसऱ्या वर्षाची तपासणी वेळेत झाली नाही म्हणून हप्ता थकला असेल, तर पुढचा उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतच, तपासणीची लेखी मागणी करून तिची पोच जपून ठेवावी.